आत्या रोज चुकते

"हे तुला कुणी शिकवलं?"

उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर आपटत बापाने विचारलं, तेव्हा मुंगी एकदा आईकडे आणि एकदा आत्याकडे बघत राहिली. तेरा वर्षांची पोर, घरभर सारखी तुरुतुरु चालायची म्हणून बापानेच तिला लाडाने मुंगी म्हणायला सुरुवात केली होती. आज त्याच्या आवाजात तो लाड औषधालाही नव्हता.

"आत्याने," ती पुटपुटली.

ताई स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभी होती. त्याची सख्खी थोरली बहीण, जन्मभर बिनलग्नाची, आणि गेली कित्येक वर्षं या घराच्या मागच्या खोलीत राहणारी.

"किंमत वीस टक्क्यांनी कमी केली, मग वीस टक्क्यांनी वाढवली. ही लिहिते, होती तेवढीच झाली! आणि हे बघ. काटकोन त्रिकोण, बाजू सहा आणि आठ, कर्ण चौदा. बेरीज करून मोकळी! ताई, मी पुलांचे नकाशे काढून पोट भरतो. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं... पण तिने ते गिळलं.

"तू नापास होऊन घरी बसलीस, आता पोरीलाही बसवायचंय का?"

"अहो, असं काय बोलता," त्याची बायको हळूच म्हणाली. बोललेला शब्द मात्र बोलून झाला होता. उद्यापासून मुंगी मागच्या खोलीत अभ्यासाला जाणार नाही, तिला चांगली शिकवणी लावायची, असा निकाल त्याने उभ्या उभ्या देऊन टाकला.

"बरं," ताई म्हणाली, आणि भांडी घासायला आत वळली.

खरं सांगायचं तर ताई चुकत नव्हती, ती मुद्दाम चुकायची. मुंगीला कुणी समजवायला बसलं की ती नंदीबैलासारखी मान डोलवायची आणि डोक्यात काडीचंही शिरायचं नाही. पण दुसरा कुणी चुकला की काय बिशाद तिची गप्प बसायची! हे गुपित घरात फक्त ताईला ठाऊक होतं. म्हणून रोज संध्याकाळी ती पोरीपुढे एखादी ठसठशीत चूक मांडून बसायची, मग मुंगी कपाळाला हात लावायची, आकृती काढायची, आत्याला पहिल्यापासून समजवायची, आणि शेवटी आत्या म्हणायची, "अगं, हो की! माझ्या टाळक्यात कसं शिरलं नाही?" परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नेमक्या या दोन चुका मांडून झाल्या, आणि मुंगी त्या खोडायला लागणार तेवढ्यात आईची जेवायला हाक आली. चुका तशाच पोरीच्या डोक्यात झोपायला गेल्या, आणि सकाळी परीक्षेला.

हे सांगणं काही अवघड नव्हतं, दोन वाक्यांचं काम! पण ते सांगायचं म्हणजे त्यामागचंही सगळं उघडं पडलं असतं. ही रीत ताई शिकली होती ती याच भावासाठी. लहानपणी तो वर्गात तोंड उघडायला घाबरायचा, मास्तरांनी नाव घेतलं की रडकुंडीला यायचा. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, ताई शाळा सोडून घरात अडकलेली... आणि हा घाबरट पोरगा रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून थोरल्या बहिणीला गणित शिकवायचा. "ताई, किती गं मठ्ठ तू," असं म्हणताना त्याची इवलीशी छाती कशी फुगायची! त्या मठ्ठ बहिणीला शिकवता शिकवता तो वर्गात पहिला आला. आजही चार लोकांत तो अभिमानाने सांगतो, मला कुणी शिकवलं नाही, उलट मीच लहानपणापासून शिकवत आलोय. आयुष्यात त्याला पहिल्यांदा वाटलेला तो अभिमान, तो आता या वयात त्याच्या हातून कसा काढून घ्यायचा? त्यापेक्षा आपण मठ्ठ राहिलेलं काय वाईट?

पण संध्याकाळची ती वेळ गेली, आणि ताईच्या दिवसाला जणू अर्थच उरला नाही. कापडाच्या दुकानातल्या कामावरून परतल्यावर ती खोलीत नुसती बसून राहायची.

शिकवणी मिळेपर्यंत तो स्वतःच मुंगीला घेऊन बसू लागला. भिंतीपलीकडून ताईला सगळं ऐकू यायचं. त्याचा चढत जाणारा आवाज, पोरीचं मुसमुसणं... आणि इकडे ताईचा जीव टांगणीला.

"अगं, चौदा कसे येतील? दोन बाजूंनी फिरून गेलीस तर चौदा. तिरकं सरळ गेलीस तर कमीच पडणार की नाही?"

"मला माहितीये ते," मुंगी हुंदके देत म्हणाली. "मी आत्याला तेच सांगणार होते. पण आईने हाक मारली, आणि पेपरात आत्याचंच डोक्यात राहिलं."

"तू आत्याला सांगणार होतीस?"

"मग? मीच सांगते ना रोज. आत्या रोज चुकते. वीस टक्क्यांचंही तिचंच होतं, होती तेवढीच किंमत होते म्हणाली. मग मी समजावलं की ती म्हणते, अगं, हो की, माझ्या टाळक्यात कसं शिरलं नाही."

भिंतीपलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ताईने डोळे मिटले. आता त्याला काय काय आठवत असेल ते तिला ठाऊक होतं. तीच वीस टक्क्यांची चूक, तोच चौदाचा कर्ण, तेच "अरे, हो की!" त्यानेच शिकवलेलं ती इतक्या वर्षांत विसरली म्हणावं, तर कापडाच्या दुकानात सेल लागला की प्रत्येक कपड्यावर उतरलेल्या किमतीची चिठ्ठी हीच बाई लावायची, आणि मालक ती डोळे झाकून मान्य करायचा.

तो दारात येऊन उभा राहिला. ताईने घाईघाईने उशीचा अभ्रा घडी करायला घेतला.

"ताई, सहा आणि आठ. कर्ण किती?"

"मला काय विचारतोस बाबा. चौदा असेल."

"ताई..."

त्याचा आवाज असा फाटला की तिला पुढे खोटं बोलवेना. "दहा," ती म्हणाली.

"तुला तेव्हाही येत होतं?"

"तू सांगायचास ना, मग यायचं."

"माझी शपथ आहे तुला."

अभ्र्याची घडी तिने मोडली, पुन्हा घातली. "येत होतं."

"मग नापास कशी झालीस तू?"

ताई पुन्हा अभ्र्याची घडी मोडू लागली, आणि ती नापास झालीच नव्हती हे त्याला उमगलं. तो मटकन तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"दोघांच्या शाळा बाबांना झेपत नव्हत्या रे," ती हळूहळू म्हणाली. "मी पास झाल्याचं सांगितलं असतं तर बाबांना एकाची निवड करावी लागली असती. मग जन्मभर त्यांना तेच खात राहिलं असतं. नापास झाले म्हटलं की प्रश्नच मिटला."

"नंबर कितवा होता?"

"दुसरा. पहिला त्या हेडमास्तरांच्या मुलीचा, तो कसा कुणाला मिळणार?" ती हसायला गेली, पण हसू जमलं नाही.

तो तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. "मी तुला काय काय बोललो, ताई... सगळ्यांदेखत बोललो. आता सगळ्यांदेखतच सांगतो, मुंगीलाही आत्ताच्या आत्ता सांगतो..."

"नको." तिने त्याचा हात घट्ट धरला. "तिला कळलं की मला येतं, तर ती मला शिकवायची नाही. मग पुन्हा नुसती मान डोलवत बसेल. तू फक्त तिला संध्याकाळची माझ्याकडे पाठव."

"आणि तू? सगळ्या घराने तुला अशीच मठ्ठ म्हणत राहायचं?"

"म्हणू देत." ताईने त्याच्या पिकू लागलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि मग जन्मात पहिल्यांदाच भावाकडे स्वतःसाठी काही मागितलं.

"तू म्हणू नकोस. तेवढं पुरे मला."