फायनलला समोर बसलेली

ही घडलेली गोष्ट आहे. पद्माकर देवल माझा साडू. त्याची बायको विनया गेली, माझीही गेली आहे, म्हणून तो मला सांगतो. आजवर चारदा सांगितली. एकदाही शब्द बदलला नाही.

तारीख १९ जानेवारी २०१९, शनिवार. वेळ दुपारची. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल. बाहेर दुपारीसुद्धा धुकं होतं.

कॅरम डबल्सची फायनल. पद्माकर आणि विनया सहा वर्षं सेमीफायनलला हरत आले होते. ही पहिलीच फायनल.

विनया सरकारी कचेरीत होती. सकाळी म्हणाली, "आज शनिवार असून बोलावलंय रे. तू पुढे हो. मी मेट्रोने दोनपर्यंत पोचते. मॅच झाली की तशीच हेमांगीकडे हळदीकुंकवाला जाईन." हेमांगी तिची मैत्रीण.

दोन वाजले. विनया नाही.

मोबाईल पंचांच्या टेबलावर जमा. सव्वादोनपर्यंत जोडीदार आला नाही तर मॅच गेली. पद्माकरची नजर दारावर...

हातातली पावडरची डबी खाली पडली. तो वाकला. डबी उचलून वर बघतो तर...

विनया समोरच्या खुर्चीत बसली होती.

दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.

विरुद्ध जोडीतला नरसिंह जुना चेष्टेखोर. म्हणाला, "वहिनी, आज बांगड्या कुठे विसरलात? आता आमचं लक्ष कशाने उडवणार?"

खरंच... तिचे हात मोकळे होते. गळ्यात मंगळसूत्रही नव्हतं.

ती हसली नाही. बोलली नाही. खेळताना जोडीदाराशी बोलायचं नाही हा नियमच आहे, त्यामुळे पद्माकरला काही वाटलं नाही.

आणि मग ती खेळली!

पद्माकर सांगतो, असा खेळ त्याने जन्मात पाहिला नाही. तो मनात म्हणायचा, आता ती कोपऱ्यातली सोंगटी घे. ती तीच घ्यायची. शेवटच्या बोर्डाला राणी घेतली आणि त्याच दमात कव्हरही केली. जिंकलो म्हणून तो लहान मुलासारखा ओरडला.

टाळ्या संपायच्या आत ती उठली आणि धुक्यात निघून गेली. हळदीकुंकवाला उशीर झाला असेल, त्याला वाटलं.

रात्री आठला ती मयूर विहारला घरी आली. दार उघडल्या उघडल्या त्याने ट्रॉफी तिच्या हातात दिली.

"काय कव्हर केलीस राणी! नरसिंहचं तोंड बघितलंस?"

ती एका पायातली चप्पल काढून तशीच उभी राहिली. 

मग म्हणाली, "हो का?"

त्यानंतर ती कॅरमला बसली नाही. खांदा दुखतो म्हणायची.

पाच वर्षं गेली. मागच्या जूनमध्ये विनया झोपेतच गेली. कपाट आवरताना पद्माकरला एक फाईल सापडली. नोएडातलं एक हॉस्पिटल. छातीतल्या गाठीची तपासणी, पूर्ण भूल देऊन.

तारीख १९ जानेवारी २०१९.

आत नेल्याची वेळ... दुपारी दोन वाजून पाच मिनिटं.

आधी त्याला रागच आला. विनया आपल्याशी खोटं बोलली? सोबत कोण होतं? कागदावर सही हेमांगीची होती. तो तडक तिच्याकडे गेला.

"भावोजी, तिनेच शपथ घातली होती," हेमांगी म्हणाली. "सकाळी नऊची वेळ होती. आटपून मॅचला येणार होती. डॉक्टरांना उशीर झाला. तुमचा फोन बंद. गाठ साधी निघाली, म्हणून पुढेही बोलली नाही."

"पण मॅचला आली होती ती."

"नाही हो."

"हेमांगी, माझ्यासमोर बसली होती!"

"तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र माझ्या पर्समध्ये होतं. चारपर्यंत ती शुद्धीवर नव्हती. जागी झाल्यावर मॅच गेली म्हणून रडली."

ही खोटं बोलतेय, पद्माकरला वाटलं. तिथूनच त्याने नरसिंहला फोन लावला.

"अबे, माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या वहिनी," नरसिंह म्हणाला. "हरलो ते विसरेन का?"

पद्माकरने फोन ठेवला. हेमांगी हळूच म्हणाली...

"त्या रात्री तिने मला बाथरूममधून फोन केला होता. म्हणाली, तो म्हणतो मी खेळले. इतका खूश तो लग्नातही नव्हता. मी काही बोलले नाही. पण हेमा... तो कोणाबरोबर खेळला?"

पद्माकरला तेव्हा कुठे एक गोष्ट आठवली.

त्या जानेवारीपासून विनया ऑफिसातून निघाली की फोन करायची. एकच प्रश्न.

"मी घरी आहे का रे?"

त्याला गंमत वाटायची. एकदा तो म्हणाला, "आहेस की! आत चहा करतेयस."

तिने फोन ठेवून दिला.

एक तास झाला तरी ती आली नाही. तो शोधायला उतरला. ती सोसायटीच्या बागेत बाकावर बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही. चेष्टा केली यार."

तरी तिने त्याला पुढे घातलं आणि त्याच्या मागून जिना चढली. तो वरपर्यंत हसत होता.

पाच वर्षं ती अशी घरात शिरत होती. त्याचा तो एक दिवस मोडू नये म्हणून गप्प राहिली.

मी पद्माकरला म्हणालो, "सोडून दे आता ती मॅच. मनातून काढून टाक."

 तो म्हणाला, "ती दुपार आठवली की मला अजून आनंदच होतो रे. विनयाबरोबर घालवलेल्या कुठल्याच दिवसाने इतका होत नाही. भीती वाटायला पाहिजे ना?"