डावीकडची हवा

मे महिन्यात जळगावात एसीच्या मिस्त्रीला मरायलाही फुरसत नसते. लीलाधरचं शेड महामार्गाला लागून होतं. दुपार व्हायच्या आतच पत्रा असा तापायचा की पान्हा फडक्याशिवाय हातात धरवत नसे. तरी गिऱ्हाइकांची रांग, आणि प्रत्येकाचा एकच घोशा, भाऊ, गॅस भरून द्या. लीलाधरला या वाक्याची भारी चीड. "गॅस म्हणजे पेट्रोल आहे का रोज संपायला? आधी दुखणं बघू द्या, मग औषध," असं तो तोंडावर सुनवायचा. लोक ऐकून घ्यायचे, कारण त्याचा हात लागलेली गाडी सहसा परत येत नसे.

अभयकुमार शेठ मात्र मुद्दाम धुळ्याहून आले होते. धान्याचे व्यापारी, बोलायला गोड माणूस. "आमच्या धुळ्याच्या वनाभाऊंनी पाठवलं," ते म्हणाले. "गाडी नवीनच घेतलीय, म्हणजे जुनीच, पण आमच्यासाठी नवीन. उजवीकडून बर्फासारखी हवा येते आणि डावीकडून गरम. आमच्या सौ. मोहनबाई तर आता पुढे बसायलाच तयार नाहीत. वनाभाऊ म्हणाले, हे काम एकटा लीलाधरच करू जाणे."

वनाचं नाव निघालं आणि लीलाधरची कळी खुलली. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, एका डब्यात जेवलेले. उस्तादाने घालून दिलेली एक रीत ते आजवर पाळत आले होते. दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी उघडण्याआधी त्याला फोन करायचा आणि विचारायचं, तू काय काय खोललं होतंस? ज्याला विचारलं त्याने खरं सांगायचं. स्वतःची चूक झाली असेल तर तीही सांगायची. या धंद्यात इतका विश्वास कोण कोणावर टाकतो! पण या दोघांचं त्यावरच चाललं होतं.

लीलाधरने फोन लावला. वनाशी तो घरच्या अहिराणीत बोलायचा. "वना, शेठनी गाडी उनी शे. तू खोलेल व्हती का?"

वना म्हणाला, "नही रे भाऊ. मी हात बी लावा नही. तूच देख."

झालं. लीलाधरने गेज लावून पाहिलं, गॅसचा दाब अगदी बरोबर. कॉम्प्रेसर ठणठणीत, कूलिंग कॉइल गारठलेली, ब्लोअरला जोर. मग राहिली फ्लॅपची मोटर. डॅशबोर्डच्या आत मुठीएवढी प्लास्टिकची डबी असते, ती झडप फिरवून हवा कुठे गार सोडायची, कुठे गरम, ते ठरवते. तिचे दाते झिजले असणार. नक्की करायला तो डावीकडे बसला आणि जाळीपुढे तोंड धरलं.

हवा गरम होती, पण इंजिनाची नव्हती. इंजिनाची हवा कोरडी असते, नाक भाजते. ही दमट होती, कुशीत झोपलेल्या लेकराच्या अंगाची असते तशी. तिला खोबरेल तेलाचा आणि पावडरचा वास होता. शेठचं नातवंड पुढे बसत असेल, असं म्हणून त्याने कप्पा उतरवला, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि चाचपडत मोटर काढली. नवीन बसवली. डावीकडून गार हवा सुरू झाली. शेठ खूश होऊन धुळ्याला गेले.

जुनी मोटर लीलाधरने सवयीने बॅटरीला लावून पाहिली. ती मजेत फिरली. दाते सगळे शाबूत, कुठे काही बिघाड नाही. तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग पुढच्या गाडीच्या मालकाने हाक मारली म्हणून उठला.

त्या दिवशी पिंप्राळ्यातल्या घरी आला तर कूलर बंद. "गार लागतंय," त्याची बायको हेमलता म्हणाली. लीलाधर हसला. "अगं, बाहेर चिमण्या पडताहेत पटापट, आणि तुला गार लागतंय?" तीही हसली. पण सकाळी ती गोधडी घेऊन बसली होती, आणि तिचा हात हातात घेतला तेव्हा लीलाधरचं हसू जागच्या जागी विरलं. हात माठाच्या बुडासारखा गार होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, थर्मामीटर दोनदा बदलला. काही सापडेना. हेमलताला घाम यायचा थांबला. तिचं बोलणं हळू झालं, ओठ निळसर दिसायला लागले. चहाचा पेला ती दोन्ही हातांनी धरून बसायची आणि चहा तिच्या हातात बघता बघता निवायचा. लीलाधरचा धीर सुटत चालला. सगळा संसार हिच्या जिवावर उभा, आणि ही अशी डोळ्यांदेखत विझत चालली होती. रात्री तो तिच्या पायांना आपले पाय लावून पडायचा, पण ऊब काही चढत नसे.

तशात अभयकुमार शेठ गाडी घेऊन हजर. "लीलाधरभाऊ, परत तेच. डावीकडून गरम."

"गाडी ठेवून जा," लीलाधर म्हणाला. त्याला बोलायचंही त्राण नव्हतं. शेठ एसटीने परत गेले.

त्याने एसी चालू केला आणि डाव्या जाळीपुढे हात धरला. तीच दमट ऊब. मग वास आला आणि त्याचा हात तिथेच थबकला. खोबरेल नाही, पावडर नाही. लवंगेचा वास होता, आणि त्याखाली चंदनाच्या साबणाचा. दाढ दुखते म्हणून हेमलता दिवसभर लवंग धरून असायची.

हेमलता या गाडीत कधी बसली नव्हती. तिने ही गाडी पाहिलीसुद्धा नव्हती.

एसी थंडी बनवत नाही, हे लीलाधर शंभर गिऱ्हाइकांना समजावत आला होता. तो एकीकडची उष्णता उचलतो आणि दुसरीकडे टाकतो, बस, एवढंच. मग ही कुठून उचलली जात होती? असले विचार आपल्या डोक्यात यावेत याची त्याला लाज वाटली. त्याने टॉर्च घेतला आणि कप्प्याच्या पोकळीत पार आतपर्यंत उजेड टाकला.

वायरींच्या जुडग्याला टेप नव्हती. सुती दोरा होता, वेढ्याला वेढा लावून घट्ट बांधलेला, शेवटी दुहेरी गाठ. खानदेशच्या उन्हात टेप सुटते म्हणून दोरा वापरणारा मिस्त्री त्याच्या माहितीत एकच होता.

वनाने गाडी उघडली होती. उघडली होती, आणि नाही म्हणाला होता.

गाडीला कुलूप लावून, किल्ली खिळ्याला अडकवून लीलाधर मोटरसायकलवर बसला. धुळ्यापर्यंत ऊन तोंडावर होतं. मनात त्याने वनाला सुनवायच्या गोष्टी शंभरदा घोळवल्या. पण वनाच्या अंगणात पाय टाकला आणि सगळ्या विसरला. वनाची धाकटी पोर जमना ओसरीवर बाहुलीचे केस विंचरत होती. लालबुंद गाल, कपाळावर घाम. केसांना चपचपीत खोबरेल. त्याला पाहून ती "काका!" म्हणून हसली.

वना बाहेर आला. लीलाधरचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"बठ्ठं माहीत व्हतं तुले?" लीलाधरने विचारलं.

"हा."

"आणि तरी पाठवली? घरात हेमलता विझत चाललीय."

"माझी पोर मरत होती, लीलाधर. गार पडत चालली होती. शेठने घ्यायच्या आधीच मला ती गाडी पिंपळनेरच्या एकाने अशीच पाठवली. मी परत खोलून पाहिली, सगळं बदलून पाहिलं, काही होत नाही. दुसऱ्याचा हात आत गेला की मगच सुटते." वना खाली बसला. "दुसरा कोणी असता तर आधी दहा प्रश्न विचारले असते. माझ्या नुसत्या शब्दावर हात घालणारा तू एकटाच होतास."

लीलाधरला वाटलं होतं, याची गचांडी धरू. हात उचललाच गेला नाही. सख्ख्या भावाने केलं असतं तरी इतकं लागलं नसतं. "मले ईचारतास रे," तो कसाबसा म्हणाला. "मी कदाचित हो म्हटलं असतं."

वना ढसाढसा रडायला लागला. "वहिनींना वाचव. कोणाकडे तरी पाठवून दे. तुझ्या शब्दावर..."

"मी तुझ्यासारखा नाही," लीलाधर म्हणाला आणि वळला. जमना मागून हाका मारत होती, तरी त्याने मागे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर त्याने ठरवून टाकलं. शेठला काय हवं ते सांगू, गाडी भंगारात घालू, पण तिला आता कोणाचा हात लागू द्यायचा नाही. हेमलताचं जे व्हायचं ते... पुढचं वाक्य त्याला मनातही पुरं करवलं नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला. दार उघडं होतं. आतून कूलरचा आवाज येत होता.

हेमलता पलंगावर उठून बसली होती. गोधडी जमिनीवर. मानेला घाम होता आणि ती पदराने वारा घेत होती. "किती उकडतंय हो," ती म्हणाली. "त्या कूलरमध्ये पाणी तरी घाला."

लीलाधरने धावत जाऊन तिचे हात धरले. गरम होते. त्याला रडूच कोसळलं. देवा, देवा, एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. दुसरं काहीही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग मोरीतून त्याचा मुलगा पिंटू हात पुसत बाहेर आला. पिंटूचं पाचोऱ्यात एसीचंच दुकान होतं. बापाचाच हात, बापाचीच शिकवण.

"तू कधी आलास?"

"मघाशीच. दुपारी वनाकाकांचा फोन आला होता," पिंटू म्हणाला. "म्हणाले, तुझ्या बापाचं एक काम अडलंय, आईच्या काळजीने त्याचा हात चालत नाही, जाऊन उरकून टाक. त्याला विचारू नकोस, तो तुला हात लावू देणार नाही." तो हसला. "फ्लॅपची मोटर होती, आबा. बदलली. डावीकडून मस्त गार येतंय आता."

लीलाधर पलंगाच्या काठावर बसला. पिंटूच्या नखांत अजून डॅशबोर्डची धूळ होती.

पिंटूचा फोन वाजला. "ममता," असं पुटपुटत त्याने कानाला लावला. बाळंतीण होऊन त्याच्या बायकोला अजून महिनाही झाला नव्हता.

तो जरा वेळ ऐकत राहिला. मग फोनवर हात ठेवून आईकडे वळला.

"आई, ममता विचारतेय, बाळाचे पाय गार लागताहेत. शेगडी पेटवली तर चालेल का?"