पुसलेली फांदी

मेजर लॉक्स्टन कवायतीच्या हॉलमध्ये जुन्या तोफेच्या चाकाशी पालथे पडले होते. डोकं मागून फुटलेलं. समोरच्या फळ्यावर खडूनं काढलेली तोफखान्याची वंशावळ, आणि तिची उजवी फांदी ओल्या फडक्यानं पुसलेली.

इन्स्पेक्टर हेब्डन बराच वेळ त्या पुसलेल्या डागाकडे पाहत राहिला. बाहेर समुद्रावरचं धुकं गल्लीत शिरत होतं.

हार्सबी बंदराचे तोफची म्हणजे गोदीतली पोरं, शनिवार-रविवारचे सैनिक. युद्ध तोंडावर आलं तशी भरती वाढवून एका रेजिमेंटच्या दोन केल्या. नाव तेच, टोपीवरचा बिल्लाही तोच. आता स्मारकावर नावं कोरायची, म्हणून कोण कुठल्या रेजिमेंटमध्ये होता ते मेजर शोधत होते. दोन रेजिमेंटच्या दोन फांद्या आणि त्यांखाली नावं, असा हा फळा त्यांनी कालच लिहिला, असं रखवालदार म्हणाला.

काल त्यांच्याशी भांडताना लोकांनी ऐकलं ते एडिथ गार्बटला. तिचा मुलगा विल्फ युद्धातून परतलाच नव्हता.

"भांडलात?"

"मग काय करू? माझ्या विल्फचं नाव दगडावर घेणार नव्हते. फ्रान्समध्ये तोफ सोडून पळाला म्हणे! पण काल मेजर हळूच म्हणाले, 'घरी जा बाई, खात्री करून सांगतो.'"

"शेवटच्या रजेवर कसा होता तो?"

एडिथचा आवाज उतरला. "उजेड सोसत नव्हता, डोळ्यांतून पाणी. बोटांची टोकं भाजलेली, काळे कण रुतलेले. काय करतोस तिकडे, विचारलं, तर म्हणाला, 'गुपित आहे गं. तू आपली फुंकर घाल.'"

विल्फवर आरोप करणारा सार्जंट टिंडल. त्या तोफेवरचा एकटाच जिवंत परतलेला.

"विल्फला पळताना पाहिलंत?"

"या डोळ्यांनी! माझ्याच तोफेवर होता. तोफ निकामी कर म्हणून ओरडलो, तर गडी पसार."

"काल हॉलमध्ये गेला होतात?"

"रविवारपासून पाऊल नाही टाकलं. त्या म्हातारीला धरा की साहेब, थयथयाट तर तिचा चालला होता."

"फळ्यावरचं काहीतरी पुसलंय कुणी."

"बरं झालं! विल्फला सर्चलाइटवाल्यांत नेऊन बसवलं होतं मेजरनं, वेडाच..."

टिंडल थांबला. पण उशीर झाला होता.

हेब्डननं एडिथला आत बोलावलं.

"काल लिहिलेला फळा रविवारपासून न आलेल्याला कसा दिसला, सार्जंट? काय पुसलं ते मी बोललोच नव्हतो. बंदरावरचे सर्चलाइटवाले मी पाहिलेत. पेटत्या कार्बनच्या कांड्या बदलताना त्यांची बोटं अशीच भाजतात. दोन रेजिमेंटचं नाव एक, म्हणून दोघींकडे तोफाच असणार, असं तुम्ही धरून चाललात. दुसरीला तोफा मिळाल्याच नाहीत, रात्री विमानं हेरायचे दिवे मिळाले. विल्फ तिथे होता. मुलाला सोडवणारी फांदी आई पुसेल का? पुसली तुम्ही. तोफ सोडून पळालात तुम्हीच, दोष मेलेल्या विल्फवर ढकललात, आणि ते उघडं पडणार म्हणून मेजरना मारलंत."

"सगळे मेले होते," टिंडल पुटपुटला. "विचारायला कोण उरलं होतं? मेजरनं विचारलं."

त्याला घेऊन गेले. एडिथ बसूनच होती.

"आता नाव कोरतील, बाई."

"दिवा लावला की विमानं आधी त्याच्यावरच येतात ना, साहेब?"

हेब्डननं होकारार्थी मान हलवली.

"पळाला असता," ती म्हणाली, "तर निदान घरी तरी आला असता."