सतरा नंबरचं पान

तिला आज पाचला निघायचं होतं. दोन वर्षांनी लेक परत येत होती. तिची गाडी सहाला स्टेशनात लागणार होती, आणि यंदा तरी आई फलाटावर उभी असेल असा शब्द तिने लेकीला दिला होता. पण चार वाजून गेले तरी ते एक पान काही सुटेना.

पान म्हणजे यंत्राच्या मेमरीचा लहानसा तुकडा. कर्नेल, म्हणजे सगळ्या कामांना जागा वाटून देणारा मूळ प्रोग्राम, कोणतं पान कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद ठेवतो. काम संपलं की पान परत. त्यातून तिच्या टीमची शिस्त अशी, की चाचणीसाठी पान घेताना त्यावर आपला नंबर टाकायचा आणि ज्याचा नंबर त्यानेच ते सोडायचं. नंबरांची यादी भिंतीवर चिकटवलेली होती. यंत्र होतं रुग्णाला श्वास देणारं. त्यात एकही पान अडकून चालणार नव्हतं, आणि आज यंत्र पाठवण्याआधीची शेवटची सही तिची होती.

हे पान सतरा नंबरचं होतं. सतरा म्हणजे दादा, बारा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून तिच्या चुकांची टर उडवणारा. तीन महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीत, दुपारी चार वीसला तो गेला. तिला त्याची फार आठवण यायची. आज मात्र रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

पडद्यावर नोंद होती: मालक सतरा, संपला, ४:२०. तारीखही तीच.

जुनं काहीतरी उरलं असेल म्हणून तिने यंत्र बंद केलं, वायर काढली, दहा मिनिटं वाट पाहिली. वीज गेली की मेमरी कोरी होते, हे तर शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. यंत्र सुरू झालं. पान तिथेच होतं. मेमरीची पट्टी बदलली, तरी तिथेच.

साहेब दारात येऊन उभे राहिले. हल्ली ते या खोलीत पाऊल टाकत नसत. सोडायला मालकच लागतो ना, मग पान स्वतःच्या नंबरवर घे आणि सोडून मोकळी हो, असं त्यांनी सांगितलं. तिला ते पटलं. सतरा खोडून तिने आपला तेवीस टाकला. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

पान सुटलं नाही.

मालक तेवीस, संपला, ५:४०. तारीख आजची.

तिने यंत्राचं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. तिन्ही बरोबर होती. तेवढ्यात लेकीचा फोन आला, निघालीस का म्हणून.

"निघतेच आहे," ती म्हणाली.

पान दुसऱ्या कुणाच्या नंबरवर टाकता आलं असतं. या विचाराची तिला लाज वाटली. तरी ती उठून यादीपाशी गेली. सगळ्यात वर साहेबांचा नंबर असायचा. तिथे आता पांढरा पट्टा ओढलेला होता.

साहेब अजून दारातच होते.

"साहेब, तुमचा नंबर?"

"काढला मी," ते खाली बघत म्हणाले. "दादा गेला ना, त्याच्या आदल्या दिवशी. हे पान त्याच्या नंबरवर टाकलं, तेव्हाच."