एकाच नावाच्या तिघी

काम साधं होतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या घरी जायचं, तिच्या छातीच्या फोटोचा निकाल सांगायचा आणि चहाच्या वेळेआत परत यायचं. दवाखान्यापासून तिचं घर वीस मिनिटांवर. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, लिफाफा माझ्या पिशवीत होता. भ्यावं असं त्यात काहीच नव्हतं. तरी मी वाटेत तीन वेळा थांबले, आणि तिन्ही वेळा चप्पल चावतेय असं स्वतःला सांगितलं. चप्पल चांगली चार वर्षांची जुनी होती.

मी एक्स-रे काढणारी. दवाखान्यात मला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. एकोणीस वर्षं नोकरी झाली होती आणि माझी एकच शेखी होती: मी फोटो कधी परत काढत नाही. नव्या मुलींच्या हातून फिल्म वाया गेली की मी चारचौघांत त्यांची बिनपाण्यानं करायची. जीभ मुळातच धारदार, त्यात हाताखाली माणसं. मग काय विचारता.

शिवणवाली, शाळेतल्या एक बाई आणि मी, आम्हा तिघींचं नाव एकच. त्या दोघी दीड वर्षापूर्वी एकाच सकाळी खोकला घेऊन आल्या. मी नाव पुकारलं तर दोघी एकदम उठल्या. "माझंही तेच बरं का," मी म्हटलं. शाळेतल्या बाई खळखळून हसल्या. "म्हणजे तिघींच्याही आईबापांनी डोकं चालवलंच नाही म्हणा की!" त्या गणित शिकवायच्या, गाल लालबुंद, बोलणं फडाफडा. शिवणवाली उंचीनं, बांध्यानं तशीच. पण चेहरा पार उतरलेला. नवरा गेल्यापासून सासू आणि लहान मुलगी तिच्या मशीनवर जगत होत्या. "लवकर होईल ना ताई? संध्याकाळी दोन गणवेश द्यायचेत," एवढंच ती बोलली.

फोटोवर नाव उमटावं म्हणून फिल्मच्या पेटीवर शिशाची अक्षरं लावावी लागत. बारकी अक्षरं, चिमट्यानं एकेक बसवायची. नावं सारखी असतील तर पुढे वयाचे आकडेही लावायचे, असा नियम. मी म्हटलं, नाव तर तेच आहे, कशाला पुन्हा खटाटोप? शाळेतल्या बाईंचा फोटो आधी घेतला, शिवणवालीचा नंतर, अक्षरं तीच. दोघींनाही नेहमीचंच सांगितलं: श्वास भरून घ्या, रोखून धरा, मी म्हणेन तेव्हा सोडा. पहिली फिल्म डावीकडे टांगायची, दुसरी उजवीकडे, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

अंधारखोलीत भरदुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. एक तांबडा दिवा, औषधाच्या पाण्याचा आंबट वास, आणि ओल्या फिल्मांची टपटप. टांगताना माझं कोपर लागलं आणि दोन्ही फिल्मा खालच्या हौदात पडल्या. उचलल्या तेव्हा कुठली डावीकडची, कुठली उजवीकडची, काही कळेना. एकीवर उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला डाग होता. क्षयाचा. दुसरी स्वच्छ.

त्या दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या, पाच पावलांवर. दार उघडून "जरा परत या" म्हणायचं, बस्स. पण दाराशी ती नवी मुलगी उभी होती, जिला मी त्याच सकाळी फिल्म वाया घालवली म्हणून रडवलं होतं. तिच्यासमोर मी परत फोटो काढणार? मी मनाशी ठरवून टाकलं, जिचा चेहरा इतका उतरलाय, डाग तिचाच. आणि ती फिल्म शिवणवालीच्या लिफाफ्यात घातली.

शाळेतल्या बाई "नुसता घसा धरलाय" हे ऐकून शाळेत गेल्या. शिवणवालीची औषधं सुरू झाली, इंजेक्शनं सुरू झाली. घरच्यांनी तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. गिऱ्हाईकं तुटली, सासू या वयात चार घरी भांडी घासायला लागली. मुलगी आईशी खिडकीतून बोलायची. हे सगळं औषधं न्यायला आली की ती स्वतःच मला दर फेरीला सांगायची, तक्रार म्हणून नाही, ओळखीची बाई म्हणून.

सात महिन्यांनी शाळेतल्या बाईंचा नवरा आला. बायको मोठ्या इस्पितळात होती, दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. "तुमच्या फोटोत काहीच कसं नव्हतं हो?" त्यानं विचारलं. भांडायला आला नव्हता बिचारा, नुसतं समजून घ्यायचं होतं. "हा आजार कधीकधी असा एकदम वाढतो," मी म्हटलं. तो हात जोडून गेला. आठवड्यानं त्या बाई गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही.

आणि गेल्या सोमवारी, औषधं संपल्यावर, शिवणवाली पहिल्यांदाच फेरतपासणीच्या फोटोला आली. मी फोटो घेतला, अंधारखोलीत गेले, आतून कडी लावली. फिल्म पाण्यात हलवत होते. मागे कुणीतरी श्वास आत घेतला. लांब, छाती भरून. मी तो सुटायची वाट पाहिली... सुटलाच नाही.

"कोण आहे?"

पाण्याची टपटप तेवढी चालू होती. मग औषधाच्या आंबट वासात दुसरा वास मिसळला. कोरडा, खडूच्या भुकटीचा.

"बाई..." आवाज दाबलेला होता, श्वास रोखून बोलावं तसा. "सोडू का आता?"

माझे हात पाण्यातच राहिले. "स... सोडा," मी म्हटलं.

"तिला सांगितलंत?"

"सांगते... याच आठवड्यात सांगते. तिच्या घरी जाऊन."

पण श्वास सुटल्याचा आवाज काही आला नाही. मोठा दिवा लावला तर खोलीत मी एकटी, कडी आतून तशीच, आणि हातात स्वच्छ फिल्म. डॉक्टरांनी ती पाहून मान डोलावली. "डाग पार गेला की! औषधं लागू पडली." मी म्हटलं, निरोप मीच देऊन येते.

म्हणून मी निघाले होते. वाटभर एकच वाक्य घोकत होते: तुम्हाला हा आजार कधी नव्हताच, चूक माझी होती. पायरीवर सासू बसली होती, खिडकीच्या गजांना मुलगी लटकली होती. मागच्या खोलीचं दार लोटलं. मशीनवर चादर टाकलेली. शिवणवाली मला पाहून उठली, तोंडाला रुमाल लावला आणि तीन पावलं मागे भिंतीला जाऊन टेकली. मला लागण होऊ नये म्हणून.

"बोला ताई. काय ते सांगून टाका."

मी तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं.

"डाग गेला," मी म्हटलं. "बऱ्या झालात तुम्ही."

रुमाल खाली पडला. मुलगी धावत आली आणि आईच्या कमरेला घट्ट चिकटली, सासू दारातच मटकन बसून रडायला लागली. शिवणवालीनं माझे दोन्ही हात धरले. "तुम्हीच वाचवलंत ताई. वेळेवर कळलं तुमच्यामुळे." मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. शरमेनं कान तापले होते, आणि तरी मी "अहो, त्यात काय" असं म्हणत होते. स्वतःच्या कानांनी ऐकलं मी ते.

मग तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "तुम्हीपण या ना हो आत. ताई, या कोण? कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटतात."

"कोण?" मी म्हटलं. "मी... मी एकटीच आलेय."

तिनं माझे हात सोडले. मुलीला हळूच स्वतःच्या मागे घेतलं.

"मग ताई..." ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या मागे उभ्या आहेत, त्या बाई मान का हलवतायत? नाही, नाही म्हणून?"