पांढरी कड

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिच्या ट्रेमध्ये कागदाचा एक तुकडा जास्त निघाला.

आदल्या संध्याकाळी तिने तेवीस तुकडे मोजून ठेवले होते. जुन्या मासिकांतले, पुस्तकांच्या अस्तराचे, चहाच्या पुड्यांचे. त्यांतून तिला गेलेल्या आईचा खांद्यापर्यंतचा चेहरा जुळवायचा होता. घर बदलताना फोटोंची पेटी भिजून गेली होती, आणि बाबा, जन्मभर पुस्तकांचं बाइंडिंग केलेला माणूस, रोज विचारत, "ओ बाई, आमची ही दिसायची कशी हो?" पोटच्या मुलीला ते बाई म्हणत. आणि आईचं नाक नेमकं कसं होतं, ते तिलाही आठवेना.

चोविसावा तुकडा नाकाचा होता.

तो कापलेला नव्हता, फाडलेला होता. ती कात्रीशिवाय कागदाला हात लावत नसे. फाडायची ती आई. कागद आपल्याकडे ओढून फाडला की कडेला पांढरी रेघ सुटते. "कात्रीचं माणूस पाहुण्यासारखं दिसतं," आई म्हणायची, "कड सुटली की घरचं वाटतं."

बाबांचा उद्योग म्हणावा, तर त्यांना कुणी धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. दाराला आतून कडी लावलेली होती.

मंगळवारी भुवई आली. बुधवारी ओठ, मग हनुवटी. प्रत्येक तुकडा जागच्या जागी बसायचा.

शनिवारी चेहरा पुरा झाला. तुकडे चिकटवलेली फळी तिने खिडकीपाशी, बाबांसमोर धरली. ते पुढे झुकून बघू लागले.

"चिमणे, आईला उन्हात काय धरतेस? रंग उडेल ना."

दोन वर्षांनी त्यांनी तिला ओळखून हाक मारली होती. तिने आत जाऊन डोळे पुसले. परत येऊन रिकाम्या ट्रेवर तळवा टेकला.

"आई, खूप केलंस. आता पुरे. दमली असशील."

रविवारी ट्रेमध्ये एक बोट होतं. पांढऱ्या कडेचं, नख मधोमध दुभंगलेलं. बाइंडिंगच्या दाबयंत्रात बोट सापडल्यापासून बाबांचं नख तसंच उगवत आलं होतं.

तिने ते खणात टाकून कुलूप लावलं.

सोमवारी कुलूप तसंच होतं, आणि ते बोट फळीवर आईच्या खांद्यावर चिकटलेलं होतं.

"बाबा, हे कुणी केलं?"

"माझ्या हाताला जागा तिनेच ठेवली होती की. तुला दिसली नाही?" ते हसले. इतके खुशीत ते कित्येक दिवसांत नव्हते. तिला रागावताही येईना.

आज सात वाजून दहा मिनिटांनी ट्रे भरलेला आहे. उरलेली बोटं, तळवा, मनगट.

बाबांच्या खोलीचं दार अजून लोटलेलं आहे; आतून रोजची हाक आलेली नाही.

तिने आज कागद चिकटवायची खळ शिजवलेली नाही. ओट्यावरचं खळीचं भांडं गरम आहे.