गरम झाली की रुसते

गल्लीच्या तोंडाशीच ती पांढरी व्हॅन आडवी उभी होती. बॉनेट उघडं, मागे गाड्यांची रांग, आणि मालक मात्र फुटपाथच्या कडेला बसून निवांत पुस्तक वाचत असलेला. त्याच्या केसांत वाळल्या गवताच्या दोन काड्या अडकल्या होत्या.

"बंद पडली का?" तिनं विचारलं.

"रुसलीय," तो मान वर करून म्हणाला. "वीस मिनिटांनी आपोआप ताळ्यावर येते. सतरा झालीत."

ती थांबली. गल्लीतलं गॅरेज तिच्या वडिलांचं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी पाना लेकीच्या हाती दिला, आणि गल्लीनं तिला सव्विसाव्या वर्षीच 'मिस्त्रीणबाई' करून टाकलं. रुसलेली गाडी वाटेत सोडून पुढे जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं. शिवाय त्या काड्या काढाव्यात असं उगाचच वाटत होतं... ते मात्र तिनं मनातच ठेवलं.

तीन मिनिटांनी त्यानं चावी फिरवली आणि व्हॅन खरोखरच सुरू झाली. तो जनावरांचा डॉक्टर होता. चार महिने हेच चाललं होतं म्हणे. सकाळी थंड असताना एका चावीत सुरू; पण कुणाच्या गोठ्यावर पंधरा मिनिटं थांबलं की निघताना रडगाणं. बॅटरी बदलून झाली, प्लग बदलून झाले, स्टार्टर खोलून झाला. गॅरेजात नेली की मात्र ती अगदी शहाण्यासारखी वागायची.

"डॉक्टरला पाहूनच बरे होणारे पेशंट तुमच्याकडेही असतील," ती म्हणाली.

"माझे पेशंट डॉक्टरला पाहून चावतात."

ती हसली, आणि मग तिनं त्याला नीट समजावून सांगितलं. चालत्या इंजिनाला वारा लागतो. बंद केलं की वारा थांबतो आणि खालची धग वर चढते. दुखणं त्या पंधरा मिनिटांत लपलंय. तेव्हा गाडी चांगली तापवायची, कुठंतरी थांबायचं आणि वाट बघायची. दुसरा इलाज नाही.

दोघं गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत गेले. व्हॅन बंद केली. ती आधी पेट्रोलवर संशय घेऊन होती, पण तपासलं तर पेट्रोल व्यवस्थित येत होतं. टॉर्च तिनं मागायच्या आत तो पुढे करायचा, आणि नेमका हवा तिथं उजेड पडायचा. मधल्या वेळात त्यानं एका बदकाची गोष्ट सांगितली, जे त्याला ओळखून पाठलाग करत असे. तिनं सांगितलं की नवव्या वर्षी तिनं घरातलं घड्याळ खोललं होतं, आणि ते परत जोडल्यावर तीन चाकं उरली होती, तरी ते चालत होतं. तो इतका हसला की तळ्यावरचे बगळे उडाले. परतताना गाडी सुरू व्हायला आणखी उशीर लागला असता तरी चाललं असतं, असं तिला वाटून गेलं.

मंगळवारी पुन्हा तेच तळं. गाडी तापली, थांबली, रुसली. तो हात धुवायला पाण्याकडे गेला, तेवढ्यात तिनं प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. निळी, तडतडीत हवी. ही पिवळी, मलूल. तिनं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलवर गुंडाळला. थोडं थांबून चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात बोललं.

तिनं ते लगेच बंद केलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात सोललेलं संत्रं होतं. अर्धं तिच्यापुढे धरत त्यानं विचारलं, काही कळलं का?

"अजून... पक्कं नाही सांगता येत," ती म्हणाली. "शनिवारी बघू पुन्हा."

गाडीबद्दल ती आजवर कुणाशी खोटं बोलली नव्हती. संत्र्याची चव काही तिला कळली नाही.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. एका तबेल्यात घोडी विताना अडली होती, आणि तो दुसरीकडेच रुसलेल्या व्हॅनसह अडकला होता. आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. तिथं पोचायलाच तिला अर्धा तास लागला असता. तिनं एका दमात सांगितलं: रुमाल भिजवा, बॅटरीच्या बाजूला जिच्यातून जाड वायर निघते ना, त्या काळ्या डबीवर ठेवा, आता चावी फिरवा. फोनमधून इंजिनाचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिनं बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? नवी कॉइल घेऊन ये."

संध्याकाळी व्हॅन दारात आली. तो काही बोलायच्या आत तीच बोलली.

"मंगळवारीच कळलं होतं. कॉइलच्या आत तार तडकलीय. तापली की फट पडते, निवली की जुळते. दहा मिनिटांचं काम. पण सांगितलं असतं तर शनिवारी तुम्ही आला नसतात... म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं."

त्यानं बॉनेट उघडलं. मग म्हणाला, "शिंगरू जगलं. आई-बाळ दोघंही ठीक आहेत. पण उशीर झाला होता, आणि सगळा रस्ता मी तुमच्यावर चिडलो होतो."

"आणि आता?"

ती कॉइल बदलेपर्यंत त्यानं टॉर्च धरली, तीही नेहमीसारखी नेमकी. मग तो गाडी तापवून आणायला गेला, आला, पंधरा मिनिटं दारात थांबला. चावी फिरवताच व्हॅन सुरू झाली. बरी झाली, म्हणाला, आणि निघून गेला.

शुक्रवार गेला. शनिवार तर संपता संपेना. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती मान वर करायची आणि पुन्हा कामात घालायची. बाबांना सगळं दिसत होतं, पण ते वर्तमानपत्रातून डोकं काढत नव्हते.

रविवारी उन्हं कलताना ती एका गाडीखाली असताना समोर धुळीनं माखलेले बूट येऊन थांबले. ती बाहेर सरकली. तो होता. घामाघूम.

"व्हॅन कुठाय?" तिनं धसकून विचारलं. "पुन्हा?"

"घरी आहे, ठणठणीत. मी चालत आलो."

"एवढ्या लांबून?"

"गाडीनं आलो असतो तर तुम्ही आधी गाडीकडेच बघितलं असतं." तो थोडा अडखळला. "तीन दिवस चिडून बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मला तुम्ही आवडता. पुढच्या वेळी मला थांबवायचं असेल तर नुसतं 'थांबा' म्हणा. मी थांबेन."

तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि त्यावर ओला रुमाल ठेवून भागणार नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "हात धुऊन येते."

"आणि जा, सावकाश फिरून या," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "शटर मी ओढतो."